पाचवा तामोत्सु

ओगुसे, १९ ऑक्टोबर २००३

श्री. काजितानी तामोत्सु यांना,

संत्री पिवळी पडू लागली आहेत. साप्पोरोत एव्हाना पहिला बर्फ पडून गेला असेल.

हे पत्र मी शाळा-समारोप समितीच्या वतीने लिहीत आहे. ओगुसे बेटावरची प्राथमिक शाळा येत्या मार्चअखेर बंद होणार आहे. आता सात मुले आहेत. त्यांतली तीन सहावीत आहेत. उरलेली चार एप्रिलपासून बसने पुलापलीकडच्या शाळेत जातील.

शाळेच्या अंगणात एक दगड उभा करावा, असे समितीने ठरवले आहे. गेल्या वर्षी एका वर्तमानपत्राने लिहिले होते की, तीनशे वस्तीच्या या बेटावर तामोत्सु नावाचे चार नामवंत कसे निपजले, हे कोडेच आहे. समितीला ते कात्रण फार आवडले. दगडावर तीच नावे असावीत, असे मत पडले. बेटावर त्यात कोडे काही नाही. जी काही वर्षे डॉक्टरांनी येथे अडलेली बाळंतपणे केली, त्या वर्षांत त्यांच्या हातून वाचलेल्या पाच मुलांचे बारसे त्यांनीच केले आणि पाचही जणांना एकच नाव ठेवले. तुम्ही त्यांतले एक.

न्हाव्याकडचे सुगे तामोत्सु इगोच्या सोंगट्यांच्या खेळात नवव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोचले. ते १९८९ साली वारले. उतारावरच्या घरातले हिराओका तामोत्सु लांब पल्ल्याच्या शर्यतीत देशासाठी धावले. ते त्यांच्याही आधी गेले. होडीवाल्यांचे मिझोगुची तामोत्सु यांनी आमचा पूल बांधला. पुलामुळे त्यांच्या वडिलांची होडी बंद पडली, हे तुम्हाला कळले असेलच. ते गेल्या वर्षी शरदात वारले. चौथे नाव तुमचे, तोफूवाल्यांच्या घरातले. ओगुसे शेवाळाचे संशोधक.

नाव कोरण्यापूर्वी तुमची संमती असावी, असे मला वाटते. समितीला तशी गरज वाटली नव्हती.

दगड माझ्याकडे आहे. खाण बंद करताना काढलेला तो शेवटचा.

ओकिमोतो तामोत्सु, दगडकाम

ता. क. तुमच्या मातोश्रींच्या थडग्याचा दगड सुस्थितीत आहे. पाया खचलेला नाही.


ओगुसे, ९ नोव्हेंबर २००३

काजितानी-सान,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं टपाल कार्यालयात सांगतात. तेव्हा पुढचं कळवतो.

काल समितीची बैठक झाली. हामासाकी बाई अध्यक्ष आहेत. त्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. तुम्ही गेल्यानंतर त्या लग्न होऊन बेटावर आल्या. बाकीचे सगळे तुमच्या ओळखीचे आहेत. मच्छीमार संघाचा तोकुदा आहे, अजून तसाच मोठ्याने बोलतो.

बाईंनी नावं वाचून दाखवली, तेव्हा तोकुदा म्हणाला, "चार? शाळेच्या अंगणात चार नावं?"

"चारच आहेत," बाई म्हणाल्या.

"बाई, चार म्हटलं की मरण ऐकू येतं, उच्चार एकच. म्हणून इस्पितळात चौथी खोली ठेवत नाहीत. लग्नात चार वस्तूंचा अहेर करत नाहीत. आणि आपण पोरांच्या खेळायच्या जागी चार नावांचा दगड उभा करायचा? त्यातले तीन तर गेलेले!"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. चार नावांचा दगड मी आजवर कोरलेला नाही. गिऱ्हाईकच सांगतं, एक तरी वाढवा.

मग तोकुदा माझ्याकडे वळला. "पाचवा इथेच तर बसलाय."

मी म्हटलं, "मी नामवंत नाही. मी दगड फोडतो."

"शेवाळ कुणाच्या खाणीतलं?" तोकुदा म्हणाला. "दाखवलं कुणी? अख्ख्या बेटाला माहीत आहे. तोफूवाल्याने नुसतं डबीत भरून नेलं. दगड्या, कोर बाबा स्वतःचं नाव. आणि निदान त्यात तरी चूक करू नकोस."

लोक हसले. बाईंनी वहीत लिहून घेतलं. माझ्या नावाखाली 'ओगुसे शेवाळाचे मूळ शोधक' असं यावं आणि तुमच्या नावाखाली फक्त 'वनस्पतिशास्त्रज्ञ', असं ठरत आहे. मी विचार करून सांगतो म्हटलं आहे.

रंगावरूनही वाद झाला. मी म्हटलं, तुमचं नाव लाल भरावं लागेल. तोकुदा म्हणाला, लाल रंग थडग्यांना, इथे कशाला. मी म्हटलं, जिवंत माणसाचं नाव लाल, गेलेल्याचं बिनरंगाचं. वाचणाऱ्याला कळायला नको, कोण आहे आणि कोण नाही? ते त्यांनी मान्य केलं. त्या हिशेबाने दोन नावं लाल होतील, तुमचं आणि माझं.

या मजकुराला तुमची काही हरकत असेल तर कळवावं.

ओकिमोतो


ओगुसे, २३ नोव्हेंबर

काजितानी-सान,

हे पत्र समितीचं नाही. समितीचा कागद संपला म्हणून त्याच्या पाठीवर लिहितो आहे.

काल सुमिए पर्सिमनची फळं वाळवायला सोलत होती. सुमिए माझी बायको, पलीकडच्या बेटावरची. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मी टेबलाशी बसलो होतो.

"काय लिहिताय एवढं?"

"समितीचं पत्र."

"समितीच्या पत्राला तीन दिवस लागतात?"

मी तिला बैठकीत काय झालं ते सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"शेवाळ तुम्हाला सापडलं, असं तुम्ही कधी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"सापडलं नाही, असं सांगितलंत?"

मी पेनाला टोपण लावलं.

"मग पन्नास वर्षं काय केलंत?"

"दगड फोडले."

"ते दिसतंच आहे," ती म्हणाली आणि सोललेलं फळ दोरीला बांधलं.

तिने आणखी एक विचारलं. हा माणूस बेटावर परत का येत नाही? मी म्हटलं, तो मोठा माणूस झाला. ती म्हणाली, मोठी माणसंच तर परत येतात. त्यांनाच दाखवायला काहीतरी असतं.

आज अठ्ठावीस फळं टांगली आहेत. ऊन चांगलं आहे.

मी उद्या लिहीन.


ओगुसे, ७ डिसेंबर

उद्या म्हटलं त्याला दोन आठवडे होऊन गेले. आता तुम्ही-आम्ही करत लिहायला जमत नाही. तू उत्तर देणार नाहीस, तर मी निदान नीट बोलतो.

१९४८, सप्टेंबर. आपण सतरा वर्षांचे. वादळ होऊन गेलं होतं आणि खाणीच्या दक्षिण भिंतीवरून पाणी झिरपत होतं. मी तुला शेवाळ दाखवायला नेलं नव्हतं. खाणीच्या तळाशी उभं राहून हाक मारली की तीनदा ऐकू येते, ते ऐकवायला नेलं होतं. तू हाक मारलीस ती तुझ्या आईला. म्हणालास, तोफू संपला का? भिंतीने तीनदा विचारलं. आपण हसलो.

वडिलांनी मला भिंत घासून ठेवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाचरी ठोकायच्या होत्या आणि ओल्या शेवाळावर खडूची रेघ उमटत नाही. मी तारेचा ब्रश घेऊन घासू लागलो. तू माझं मनगट धरलंस.

"थांब. याची मान उलटी आहे."

"कुणाची?"

"याची. बघ ना, बोंडाचा देठ उलटा वळलाय."

"शेवाळाला मान असते?"

"तुझ्यापेक्षा ताठ असते."

"घाण आहे ती. सोड हात."

तू सोडला नाहीस. तू तिथे गुडघ्यावर बसलास ते भरती येईपर्यंत. मी बाकीची भिंत घासली आणि तुझ्यासमोरचा वीतभर तुकडा ठेवला. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, एवढा तुकडा का राहिला? मी म्हटलं, तोफूवाल्याला हवाय. त्यांनी माझ्या टाळक्यात एक मारली आणि तुकडा तसाच ठेवला.

म्हणजे ते कुणी ओळखलं, हे त्यांनाही माहीत होतं.

ती भिंत मी जन्मापासून बघत होतो. माझ्या नखांत ते शेवाळ असायचं. मला ते सापडलं नव्हतं. मी ते घासत होतो.

१९५१ साली तुझं नाव आधी विद्यापीठाच्या पत्रिकेत आलं आणि मग वर्तमानपत्रात. 'ओगुसे शेवाळ, शोधक काजितानी तामोत्सु, वय वीस.' न्हाव्याच्या दुकानात कात्रण लावलं होतं. माझे वडील तिथे दाढी करायला बसले होते. गालावर फेस होता. ते म्हणाले, "खाण माझी, भिंत माझी, दाखवलं माझ्या पोराने, आणि नाव तोफूवाल्याचं." एवढंच. चिडून पण नाही. दाढी होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर लोक तेच बोलत होते. तिसऱ्या दिवशी ते मलाच सांगू लागले.

तोकुदाने विचारलं, "खरं का रे, दगड्या?" मी छिन्नी उचलली आणि कामाला लागलो. त्याने तो होकार धरला. मला ते कळत होतं.

मला राग नव्हता. हे तू मान किंवा मानू नकोस. तू बेटाबाहेर होतास आणि मी खाणीत. लोक माझ्याकडे बघून चुकचुकत. ते मला वाईट वाटत नव्हतं. आणखी खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

मग ओतोयो काकू आली. तुझी आई तोफूची बादली घेऊन खाणीपर्यंत कधी चढत नसे. त्या दिवशी आली. बादली खाली ठेवली नाही. म्हणाली, "तामोत्सु, तुम्ही दोघं एका डॉक्टरच्या हातातून आलात. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. माझ्या पोराने तुझं काही घेतलं का?"

मी म्हटलं, "काकू, मला आठवत नाही."

बादलीतलं पाणी हलत होतं ते थांबलं. मग ती खाली गेली.

त्यानंतर बारा वर्षं ती जगली. रोज सकाळी आमच्या दाराशी तोफू ठेवून जायची, इतरांसारखाच. तुकडा कधी लहान नव्हता.


ओगुसे, ११ जानेवारी २००४

नव्या वर्षाच्या शुभेच्छा तुला पाठवल्या नाहीत. काय लिहावं ते सुचेना.

काल बैठकीत सांगितलं. आधी सुमिएला सांगितलं, ती म्हणाली, "मला काय सांगताय, तिकडे सांगा." म्हणून तिकडे सांगितलं. उभं राहून सांगितलं. खाण, ब्रश, मनगट, वडिलांची दाढी. काकूचं मात्र सांगितलं नाही. ते तुझं आहे.

मग तोकुदा म्हणाला, "म्हणजे मी पन्नास वर्षं खोटं बोलतोय?"

"तू नाही. मी."

"तू तर कधी तोंडच उघडलं नाहीस!"

"तेच."

तो लाल झाला. "अरे, मी पेपरवाल्याला सांगून बसलोय! माझ्या नातीने शाळेत त्यावर निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. आता काय, बक्षीस परत करू?"

"निबंध चांगला होता," हामासाकी बाई म्हणाल्या. "मीच तपासला होता." त्यांनी सगळ्यांच्या पेल्यात चहा ओतला, माझ्याही. वही उघडली आणि माझ्या नावावर पट्टी धरून रेघ मारली. सरळ, शाळेतल्यासारखी.

"मग चारच राहिले," त्या म्हणाल्या.

तिथेच सगळं अडलं. चार नावांचा दगड कुणालाच नको आहे. कुणी म्हणालं, नावंच नकोत, नुसतं शाळेचं नाव घाला. कुणी म्हणालं, तुझं नाव गाळा, तू कुठे उत्तर देतोस, तीन बरे दिसतील. तोकुदा सोडून बाकीचे त्याला राजी होते. तोकुदा म्हणाला, "आता त्याचं गाळायचं? पन्नास वर्षं शिव्या घातल्या त्या काय फुकट?" हे तो तुझ्या बाजूने बोलला, असं मी धरतो.

महिन्याअखेर निर्णय आहे. मी दगड घासून ठेवला आहे. समोरची बाजू गुळगुळीत, मागची खाणीतून निघाली तशीच.

तुला वाटत असेल, मी आता मोकळा झालो. तसं नाही. एक राहिलं आहे.


ओगुसे, १ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं.

पोस्टमन हसला. म्हणाला, तामोत्सुकडून तामोत्सुला, पत्ता नसता तरी आणलं असतं. कार्डावर बर्फाचं चित्र आहे आणि मागे तीन ओळी:

"पत्रं वाचली. चारांची अडचण कळली. डॉक्टरांचं नाव काय होतं ते आठवून बघा."

मी अंगणात उभा राहून वाचलं आणि दगडावर बसलो. त्याच दगडावर.

त्यांचं नाव तामोत्सु होतं. ते त्यांनी आपल्याला दिलं. हे आपल्याला सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. पण त्यांना नावाने हाक कोण मारणार? त्यांच्या दारावर 'डॉक्टर' एवढीच पाटी होती. माझी आई त्यांना डॉक्टर म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा डॉक्टरच म्हणायची. पाच पोरांना नाव वाटून टाकलं आणि त्यांच्यासाठी उरलंच नाही. त्यांच्या थडग्यावर ते माझ्या वडिलांनी कोरलेलं आहे. दर वर्षी शरदात मी जाऊन त्या अक्षरांवर पाणी ओततो. ते नाव माझंही आहे, हे वाचताना कधी जाणवलं नाही.

मी कार्ड घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि तोकुदाला फोन लावला. तोकुदा एवढ्या मोठ्याने ओरडला की मला शेजारी ऐकू आलं. "तोफूवाला हुशार होताच! मी काय वेगळं म्हणत होतो?"

तर दगडावर पाच नावं आहेत. सगळ्यात वर डॉक्टर. त्यांच्यापुढे 'बेटाचे डॉक्टर' एवढंच. मग तुम्ही चौघं. तुझ्या नावाखाली, 'ओगुसे शेवाळाचे शोधक.' काल कोरायला सुरुवात केली.

तू कार्डात माझ्याविषयी एक शब्द लिहिला नाहीस. चांगलं केलंस. पण आता उरलेलं सांगायला हवं. नाही सांगितलं तर मी पुन्हा छिन्नी उचलली, असं होईल.

१९६३, मार्च. ओतोयो काकू गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. अंत्यविधी आदल्या दिवशीच उरकला होता. लोक म्हणत होते, आईच्या मातीलासुद्धा आला नाही. मी वर खाणीत होतो. दुपारची होडी आली आणि एकच माणूस उतरला. काळा कोट, हातात लहान पेटी. तू होतास. साप्पोरोहून निघून तीन दिवस तू रस्त्यात होतास, हे मी नंतर तारखा मोजून काढलं.

धक्क्यावर बायका मासे वाळवत होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं. मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे काय बोललं. तू वर बघितलंस. मी भिंतीच्या कडेला उभा होतो, हातात हातोडा. मी हाक मारली असती तर ती तीनदा ऐकू आली असती. मी मारली नाही. होडी सुटायला अर्धा तास होता. तू तो अर्धा तास धक्क्यावर बसून राहिलास आणि त्याच होडीने परत गेलास.

संध्याकाळी न्हाव्याकडे पुन्हा तेच बोलणं निघालं, आला नाही म्हणून. ज्या बायकांनी तुला पाहिलं त्यांनीही सांगितलं नाही. मीही नाही.

मग तुझ्या मामांनी थडग्याचा दगड मागितला. आईच्या दगडावर उभारणाऱ्या मुलाचं नाव कोरायचं आणि तो जिवंत आहे म्हणून त्यात लाल भरायचा. मी तुझं नाव कोरलं. लाल भरला नाही. मामांनी विचारलं. मी म्हटलं, रंग संपलाय, पुढच्या होडीने येईल.

चाळीस वर्षं झाली. रंग कधी संपला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी देवळात नवे भिक्षू आले, क्योतोकडचे. त्यांनी दगड वाचला, तुझं नाव बिनरंगाचं दिसलं, आणि शरदातल्या प्रार्थनेत गेलेल्यांच्या यादीत तुझं नाव घेतलं. दर वर्षी घेतात. ऐकणाऱ्यांपैकी त्यांना कुणी थांबवलं नाही. पहिल्या वर्षी तोकुदा खाली मान घालून हसला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. माझ्या हातात उदबत्ती होती. तुझं नाव आलं तसा मी वाकलो, इतरांबरोबर.

आता सगळं सांगून झालं. दगडावर तुझं नाव नको असेल तर अजून कोरायचं आहे. तुझं शेवटचं आहे. मी थांबतो.


ओगुसे, २४ मार्च २००४

तोफूवाल्या,

तुझं दुसरं कार्ड फेब्रुवारीच्या शेवटी आलं. उशीर का झाला म्हणून मी तारीख बघितली. तू लिहून बारा दिवस ठेवलं होतंस.

"वर तू उभा होतास ते मी पाहिलं होतं. हात करशील म्हणून बसून राहिलो. नाव कोर."

मी ते सुमिएला वाचून दाखवलं नाही. तिने टेबलावरून उचलून वाचलं. मग परत तसंच ठेवलं आणि विचारलं, "जेवताय ना?"

त्या दिवशी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझं नाव कोरलं.

काल शाळेचा शेवटचा दिवस झाला. सात मुलांनी मिळून दोरी ओढली आणि पांढरा कपडा खाली आला. बाई भाषण करणार होत्या. कागद काढला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी डॉक्टरांचं नाव वाचा." मुलांनी वाचलं. सात जणांचा एक आवाज. तोकुदाच्या नातीने विचारलं, "मग याच नावाचे ओकिमोतो आजोबा यात का नाहीत?" तोकुदा म्हणाला, "त्यांनी तो कोरलाय, अजून काय पाहिजे?" पोरीने सांगितलं की ती निबंध पुन्हा लिहिणार आहे. बक्षीस परत करणार नाही.

दगडावर चार नावं बिनरंगाची आहेत आणि एक लाल. लांबून तेवढंच दिसतं.

त्याआधी परवा मी देवळामागे गेलो. ओतोयो काकूचा दगड धुतला, वाळू दिला आणि तुझ्या नावात लाल भरला. दोन ठिकाणी रंग बाहेर गेला, तो पुसून पुन्हा भरला. नवे भिक्षू बाहेर येऊन बघत उभे राहिले. म्हणाले, "हे गृहस्थ तर..."

मी म्हटलं, "नाही. आहेत."

"पण मी तर अकरा वर्षं त्यांच्यासाठी..."

"ऐकू गेलं असेल," मी म्हटलं.

त्यांनी मला वाकून नमस्कार केला. ते का वाकले कळलं नाही. त्यांची चूक नव्हती. मग मी काकूला सांगितलं. आठवतंय, असं सांगितलं. उशिरा सांगितलं.

येताना खाणीत उतरलो. चौदा वर्षं तिथे कुणी काही घासलेलं नाही. दक्षिण भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी आहे. सुमिएचं शिवणकामाचं भिंग खिशात होतं. गुडघ्यावर बसलो. उठताना त्रास झाला, पण बसलो.

मान उलटी आहे.

तू येशील की नाही, हे विचारत नाही. आता पूल आहे. होडी सुटायची वाट बघत बसावं लागत नाही, कुणालाही कधीही येता येतं आणि निघूनही जाता येतं. मिझोगुचीने तेवढी सोय केली आहे.

एक कामाची गोष्ट. माणूस गेला की नावातला लाल काढायचा असतो. त्याला छिन्नी लागत नाही. तारेचा ब्रश लागतो आणि सवयीचा हात. बेटावर हे काम करणारं माझ्यानंतर कुणी नाही. तू आधी गेलास तर दोन्ही दगडांवरचा लाल मी काढीन, एका दिवसात. मी आधी गेलो तर तुझं नाव दोन्हीकडे लालच राहील, आणि कुणी काहीही म्हटलं तरी या बेटावर तू जिवंत असशील.

मला वाटतं, तसंच व्हावं. ब्रश मी खाणीत ठेवून आलो.

दगड्या